सात-आठ शिकताना

दोघांनी खेळायला पत्त्यांचा कुठला डाव चांगला असं कोणी विचारलं की बहुतेकजण पटकन रमी सांगतात, नाहीतर भिकार-सावकार. भिकार-सावकार लहान मुलांसाठी ठीक आहे, वरचं पान उलटत राहायचं, त्यात डोकं लावायला काही नाही. रमी मलाही आवडते, माहेरी धुळ्याला दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रात्र रात्र रमी खेळलोय, पण दोघंच असले आणि एकच कॅट असला की तेरा-तेरा पानं वाटून निम्मा कॅट गड्डीत झाकलेला राहतो आणि मग आपल्याला हवी ती राणी वर येते का तळाशी बसते ह्याच्यावरच सगळं. सात-आठ ह्या दोघांच्या डावात गड्डीच नाही. सगळी पानं दोघांच्या हातात. हा एवढा एक फरक लक्षात आला ना तेव्हापासून मला दोघांसाठी ह्याच्यापेक्षा चांगला डाव सुचतच नाही, आणि तो नीट कसा शिकायचा हे मी स्वतः जशी शिकले तसं सांगते.

मी लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा मला तिघांनी खेळायचा पाच-तीन-दोन यायचा, सात-आठ नाव फक्त ऐकून होते. इथे लोकमान्य नगरात आमच्या घरी आम्ही तिघं, मी, हे आणि सासूबाई. ह्यांची नोकरी पीथमपूरला, आणि सेकंड शिफ्ट असली की कंपनीची बस रात्री बारानंतर सोडते, म्हणजे जेवणं उरकली की घरात आम्ही दोघीच. आईंना टीव्हीवरच्या सिरियल आवडत नाहीत, मोबाईल डोळ्यांना त्रास देतो म्हणून त्या लवकरच ठेवून देतात. एका संध्याकाळी त्यांनीच कपाटातून कॅट काढला आणि म्हणाल्या, ‘तीन जणांचा येतो ना तुला, मग दोघांचा यायला काय वेळ लागतोय, बस इकडे.’ पावसाळा होता, लाइट जाऊन येऊन होती, पलंगावर चादर ताणून बसलो आणि सुरू.

आधी पानं काढायची. कॅटमधून दुर्री ते छक्की सगळ्या बाहेर. उरतात ३२. त्यातून चौकटची सत्ती आणि किलवरची सत्ती पण काढायची, बदाम आणि इस्पिकच्या सत्त्या मात्र ठेवायच्या. झाली ३० पानं. पाच-तीन-दोनला पण हीच ३० लागतात, तिथे तिघांना दहा-दहा, इथे दोघांना पंधरा-पंधरा. एक्का सगळ्यात मोठा, मग राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी, आणि बदाम-इस्पिकला शेवटी सत्ती. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण पुढचं सगळं मोजणं ह्याच्यावर उभं आहे: बदाम आणि इस्पिक आठ-आठ पानांचे, चौकट आणि किलवर सात-सात पानांचे. हे चार आकडे तोंडपाठ हवेत, पान बघितलं की आकडा आठवला पाहिजे.

जो वाटतो तो दोघांना आधी पाच-पाच पानं देतो आणि थांबतो. ज्याला वाटलंय त्याने आपली पाच पानं बघून हुकूम बोलायचा, म्हणजे बदाम, इस्पिक, चौकट, किलवर ह्यांतलं ह्या डावात बाकीच्यांवर भारी काय ते ठरवायचं. मग उरलेली पानं परत पाच-पाच करून वाटायची. दोघांचं एकेक पान पडलं की एक हात, ज्याचं पान भारी त्याचा. हुकूम बोलणाऱ्याला पंधरापैकी आठ हात करायचे असतात, वाटणाऱ्याला सात, म्हणून तर नाव सात-आठ. पहिली उतारी, म्हणजे आधी पान टाकायची पाळी, हुकूम बोलणाऱ्याची. बदाम उतरला तर बदामच टाकायचा, बदाम संपले असतील तर हुकमाने मारा किंवा दुसरं काहीही टाका, मारलंच पाहिजे अशी सक्ती आमच्याकडे नाही. जो हात जिंकेल त्याची पुढची उतारी. डाव संपला की वाटणी बदलते, आत्ता वाटलं तो पुढच्या वेळी हुकूम बोलतो.

आणि आठ अधिक सात पंधराच होतात, त्यामुळे मी एक हात जास्त केला म्हणजे समोरच्याला एक कमीच पडला, मधलं काही नाही. तो जास्तीचा हात पुढच्या डावात ‘ओढायचा’ असतो, ते खाली सांगते कारण खरी गंमत तिथे आहे.

आईंनी शिकवताना एक गोष्ट केली जी मला फार पटली. पहिले काही डाव त्यांनी दोघींचेही पत्ते उघडे ठेवून खेळायला लावले. चादरीवर माझी पंधरा एका रांगेत, त्यांची पंधरा समोर. प्रत्येक उतारीला त्या विचारायच्या, हे का टाकलंस, आता माझ्याकडे काय राहिलं. मला वाटलं होतं की नवीन माणसाला सोपं जावं म्हणून हे. तसं नव्हतं. दोन-तीन डाव झाल्यावर त्यांनी पानं हातात घ्यायला लावली आणि म्हणाल्या, ‘आता सांग माझ्याकडे काय आहे.’ मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या म्हणाल्या, ‘तुझी पंधरा बघ ना, जे तुझ्याकडे नाही ते सगळं माझ्याकडे.’

इतकी सरळ गोष्ट आहे. ३० पानं, गड्डी नाही, माझ्या हातात पंधरा, म्हणजे समोरच्या हातातली पंधराच्या पंधरा मला माहीत आहेत, एकही पान लपलेलं नाही. माझ्याकडे किलवरचा एक्का, गुलाम, नव्वी असेल तर समोर राजा, राणी, दश्शी, अठ्ठी असणारच. लोक सात-आठ खेळतात आणि डोळे मिचकावत अंदाज बांधतात की हिच्याकडे राजा असेल का, अहो असेल का काय, तुमच्याकडे नसेल तर आहेच! पाच-तीन-दोनमध्ये हे नाही जमत, तिथे तुमच्याकडे नसलेलं पान दोघांपैकी कोणाकडे आहे ते कळत नाही. म्हणून मला वाटतं की सात-आठ हा पाच-तीन-दोनचा माणसं कमी पडली म्हणून खेळायचा धाकटा भाऊ अजिबात नाही, तो वेगळाच आणि जास्त विचाराचा डाव आहे.

मग नशीब कुठे आहे तर जास्त करून हुकूम बोलताना, पाच पानांवर. तिथे पण आईंचा हिशोब पक्का. एकदा मला पहिल्या पाचात इस्पिकचा गुलाम, नव्वी, सत्ती आली आणि सोबत चौकटचा एक्का आणि किलवरचा एक्का. माझा जीव एक्क्यात. आई म्हणाल्या इस्पिक बोल. का, तर एक्के तसेही आपापला हात घेऊन येतात, त्यातलाच एक हुकूम करून काय वाढलं. हुकूम लांब पाहिजे, म्हणजे त्याची पानं जास्त पाहिजेत, मोठा नसला तरी चालेल. आणि मोजून बघितलं तर बरोबर बसतं. पाच पानं बघून हुकूम बोलतो तेव्हा न बघितलेली पानं असतात २५, त्यातली १० मला यायची आहेत आणि १५ समोरच्याची. म्हणजे बाहेर जे काही आहे त्यातलं पाचात दोन ह्या प्रमाणात माझ्याकडे येणार. इस्पिक आठ, तीन माझ्याकडे, बाहेर पाच, त्यातले सरासरी दोन मला, म्हणजे पाच माझे तीन समोर. एक्का-राजा-राणी समोर गेले तरी माझी लांबी जास्त. आणि चौकट बोलले असते तर? एक माझ्याकडे, बाहेर सहा, त्यातले दोन-अडीच मला, साडेतीनच्या वर समोर. हुकूम मी बोलायचा आणि जास्त पानं समोर, ह्याला काही अर्थ आहे का.

अर्थात सरासरी म्हणजे सरासरी, कधी पाचही पानं समोर जातात, तेव्हा आठ हात होत नाहीत, पुढच्या डावात पानं द्यावी लागतात, चालायचंच.

आता मोजायचं कसं, कारण सगळं माहीत असणं वेगळं आणि खेळताना लक्षात ठेवणं वेगळं. पंधरा पानं पाठ ठेवायला गेलं तर डोकं दुखतं. आईंची रीत अशी की सुरुवातीला फक्त हुकूम मोजायचे, आणि तेही उलटे. गेले किती असं नाही, समोर राहिले किती. माझ्याकडे इस्पिक पाच आहेत, आठातून पाच गेले, समोर तीन. बस, ‘तीन’ हा एकच आकडा डोक्यात धरायचा. समोरून एक हुकूम पडला, दोन. अजून एक पडला, एक. माझी स्वतःची पानं तर मला दिसतातच, ती मोजायची गरजच नाही. हे जमायला लागलं की मग हुकमासोबत बदाम-चौकट-किलवरपैकी अजून एक, म्हणजे ज्यात माझा राजा किंवा राणी अडकून बसलीय ते, त्याचा पण उलटा आकडा धरायचा. चारही मोजणं मला अजून प्रत्येक डावात जमत नाही, आईंना जमतं, त्या पोहे निवडता निवडता सांगतात की तुझ्याकडे आता किलवरची दश्शी आणि बदामची अठ्ठी एवढंच राहिलंय.

शेवटची तीन पानं हा माझा सगळ्यात आवडता भाग. त्यातला एक प्रसंग पूर्ण सांगते कारण आईंनी तो चादरीवर मांडून मला परत परत खेळायला लावला होता आणि मला सात-आठ कळला तो तिथे. हुकूम इस्पिक. माझ्याकडे इस्पिकचा गुलाम, बदामचा एक्का आणि किलवरची नव्वी. उतारी माझी. आईंकडे चौकटचे एक्का आणि राजा, आणि एक हुकूम, इस्पिकची दश्शी. बाकी सगळी पानं गेलेली. काय उतरायचं?

आईंचा हुकूम दश्शी आहे, माझा गुलाम मोठा. म्हणून आधी गुलाम. दश्शी त्यांना द्यावीच लागते. आता त्यांच्याकडे मारायला काही नाही, बदाम नाही किलवर नाही, मग माझा एक्का पण चालतो आणि ती किलवरची नव्वी पण चालते. तिन्ही हात माझे. तेच मी आधी बदामचा एक्का उतरला असता तर त्यांनी दश्शीने मारला असता, चौकट उतरली असती, मला चौकट नाही म्हणून मी गुलामाने मारला असता, शेवटी नव्वी माझी. दोनच हात. एक हात हातचा गेला.

मग आईंनी काय केलं, दश्शी उचलली आणि तिथे इस्पिकची राणी ठेवली. बाकी सगळं तेच. ‘आता उतर.’ माझा हात गुलामाकडेच चालला होता, त्या म्हणाल्या थांब, आधी बोलून दाखव काय होईल. गुलाम उतरला की राणी त्याला घेते, उतारी आईंची, चौकटचा एक्का, चौकटचा राजा, मी बदामचा एक्का आणि नव्वी त्याच्यावर टाकून देते. शून्य हात! बदामचा एक्का हातात असून शून्य. आणि तेच आधी बदामचा एक्का उतरला तर त्या राणीने मारतात, चौकट उतरतात, मी गुलामाने मारते, नव्वी माझी. दोन हात. त्यांनी पहिल्याला मारलंच नाही तरी माझे दोन होतातच, पट्कन पानं मांडून बघा कोणीही. म्हणजे माझी तीन पानं तीच, उतारी तीच, समोर दश्शी आहे का राणी आहे एवढ्या एका गोष्टीवर तीन हात, दोन हात का काहीच नाही हे ठरतं. आणि ती गोष्ट अंदाजाची नाही, ज्याने हुकूम मोजलेत त्याला ती ठाऊकच असते.

‘आधी हुकूम काढून घ्या’ असं जे सरसकट सांगतात ना ते म्हणून मला पटत नाही. समोरचा राहिलेला हुकूम लहान असेल तर काढा. मोठा असेल तर त्याला आपल्या एक्क्यावर खर्च होऊ दे, आपला हुकूम दाबून ठेवा.

आता ओढणं. मागच्या डावात तुम्ही ठरल्यापेक्षा दोन हात जास्त केले तर ह्या डावात हुकूम बोलून सगळी पानं वाटून झाली की तुम्ही समोरच्याच्या हातातून दोन पानं ओढायची. पानं झाकलेली, पंखा करून समोर धरलेली, कुठलंही ओढा. आमच्याकडे एक ओढलं की लगेच आपल्याकडचं एक परत द्यायचं आणि मगच दुसरं ओढायचं, आणि ओढलेलं तेच पान परत करता येत नाही. काही घरांत दोन्ही एकदम ओढतात आणि मग दोन देतात, ते पण चालतं, फक्त बसायच्या आधी ठरवून घ्यावं नाहीतर मधेच वाद होतात.

ओढताना एक्का-राजा यावा असं सगळ्यांनाच वाटतं, पण ते काही आपल्या हातात नाही, समोर तीन हुकूम असतील तर हुकूम लागायची शक्यता पंधरात तीन, म्हणजे पाचात एक. परत काय द्यायचं हे मात्र पूर्ण आपल्या हातात, आणि इथे नवीन माणूस नेहमी सगळ्यात लहान पान देतो. लहानपेक्षा एकटं पान द्यावं. माझ्याकडे किलवरच्या तीन पानांत अठ्ठी आहे आणि चौकटची एकटी दश्शी आहे, तर दश्शी द्यायची. ती गेली की माझ्याकडे चौकट संपली, समोरून चौकटचा एक्का जरी उतरला तरी मी छोट्या हुकमाने मारू शकते. आई तर कधी कधी एकटी राणी पण देऊन टाकतात, एवढं चांगलं पान देताना हात अडखळत नाही त्यांचा. अर्थात जिला पान दिलं तिला पण कळतं की हिच्याकडे आता चौकट नाही, मग ती चौकट उतरायचं टाळते, माझे हुकूम आधी बाहेर काढायला बघते, आणि तिथून डाव अजून रंगतो.

ज्याचं पान ओढलं जातं त्याने पण हिशोब लगेच बदलायचा. समजा हुकूम इस्पिक आहे, माझ्याकडून इस्पिकचा राजा गेला आणि बदामची अठ्ठी आली, म्हणजे समोरचे हुकूम एकाने वाढले आणि बदाम एकाने कमी झाले. ओढाओढी पूर्ण झाल्यावर मी क्षणभर थांबते, चारही आकडे परत मनात म्हणते आणि मगच पहिलं पान उतरते. आईंनी कधी घाई केली नाही, त्या तेवढ्यात सुपारी कातरतात.

गणपतीत ह्यांची भाची पुण्याहून आली होती, पाचवीतली. झाकी, म्हणजे इथली सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक, बघायची म्हणून अनंत चतुर्दशीपर्यंत राहिली. तिला मी शिकवलं, अगदी आईंच्या रीतीने, आधी उघडे पत्ते, मग ‘माझ्याकडे काय आहे सांग’, मग फक्त हुकूम उलटे मोजायचे. पोरीने इतक्या लवकर धरलं की मलाच आश्चर्य वाटलं, मोबाईलवर पत्त्यांचे गेम खेळणारी मुलगी, पण तिथे मोजून द्यायचं काम मोबाईल करतो ना, इथे स्वतःच करायचं म्हटल्यावर तिला जास्त मजा यायला लागली. तिची एक शंका चांगली होती, की दोघांनाही सगळं माहीत आहे तर मग डाव आधीच ठरलेला नाही का. मी आईंकडे बघितलं. आई म्हणाल्या, ‘ठरलेला असेलही ग, पण पंधरा पानं कुठल्या क्रमाने उतरायची ते अजून कोणाला सगळं सापडलंय.’ आणि खरंय, पहिल्याच उतारीला पंधरा पर्याय, त्यावर समोरच्याचे वेगळे, एवढं पुढचं बसून कोण बघणार, शेवटची चार-पाच पानं राहिली की मग दिसायला लागतं.

आमच्या घरात आता ह्यांची फर्स्ट शिफ्ट असली आणि तिघं असलो की पाच-तीन-दोन, दोघीच असलो की सात-आठ. कॅट मी नवीन आणला, प्लास्टिकचा, कारण जुन्या कागदी पानांचे कोपरे दुमडून दुमडून ओळखीचे झाले होते आणि ओढताना दुमडलेलं पान बघून कोणीही सांगेल की तो बदामचा राजा, मग झाकून धरण्याला काही अर्थ राहत नाही. काढून ठेवलेली २२ पानं रबर लावून त्याच डबीत ठेवते. झोपायची वेळ झाली आणि कोणाचे हात ओढायचे राहिले असतील तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवतो, ‘आई २’ नाहीतर ‘मी १’, आणि पुढच्या वेळी बसलो की हुकूम बोलून झाला की आधी ते वसूल.